एका मैदानाची दोन नावं

इन्स्पेक्टरसाहेबांनी मोबाइलची काच पँटला पुसली आणि तो पुन्हा एकदा महेंद्रच्या कागदावर धरला. कोपऱ्यातल्या चौकोनी ठिपक्यांवर क्षणभर रेघ फिरली, मोबाइल टुणकन वाजला आणि हिरवी अक्षरं उमटली : परवाना वैध. मग त्यांनी तोच मोबाइल संदेशच्या कागदावर धरला. टुणकन. परवाना वैध.

"तीन वेळा केलं मी," ते म्हणाले. "दोन्ही खरे आहेत."

शेवाळपाडा पोलीस ठाण्याच्या वरच्या हॉलमध्ये शांतता समितीची बैठक भरली होती, आणि आता तिथे जी शांतता पसरली ती कोणालाच नको होती. उजवीकडच्या खुर्च्यांवर मारुती मंदिराचं सप्ताह मंडळ, डावीकडे पंचशील नगरची जयंती समिती. दोघांच्याही हातात ऑनलाइन परवाना. तारीख चौदा एप्रिल आणि मैदानही एकच. फक्त संदेशच्या कागदावर त्याचं नाव मारुती मैदान होतं आणि महेंद्रच्या कागदावर पंचशील मैदान.

सप्ताह मंडळाचा सेक्रेटरी संदेश उभा राहिला. त्यांचा अर्ज एक तारखेला सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी गेला होता, महेंद्रचा सव्वादहाला. मग सव्वादहावाल्यांना परवाना मिळालाच कसा, हा त्याचा सवाल होता.

"तेच आम्हीपण विचारतोय," महेंद्र बसूनच म्हणाला. "साइटवर मैदान मोकळं दाखवत होतं, म्हणून भरला अर्ज. आता तुमच्या अकरा मिनिटांसाठी बाबासाहेबांचा जन्मदिवस पंधरा तारखेला करायचा का आम्ही?"

डावीकडचे हसले. उजवीकडे कोणी हसलं नाही.

गेले चार दिवस वस्तीत काय काय फिरत होतं! एकीकडे बोललं जात होतं की महेंद्रचा कोणी भाऊबंद महापालिकेच्या कॉम्प्युटर खात्यात आहे, त्याने आतून नाव घुसवलं. दुसरीकडे बोललं जात होतं की परवान्याच्या टेबलावरची बाई कीर्तनात पहिल्या रांगेत बसते, मग परवाना कोणाच्या पदरात पडणार? यातली दुसरी गोष्ट निम्मी तरी खरी होती. ती बाई दर सप्ताहात पहिल्या रांगेत बसायची. आत्ता ती हॉलच्या कोपऱ्यात, मांडीवर फाइल घेऊन बसली होती.

आता ही संचिता पालव कोण, ते सांगायला हवं. डोंबिवलीला राहणारी, मूळची कणकवलीकडची. नवरा दत्ताराम खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. प्रभाग कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागली त्याला बावीस वर्षं झाली. पहिली अठरा वर्षं तिने माणसांच्या चपला झिजताना पाहिल्या. मांडवाची एक परवानगी, तर तिला अग्निशमनाचा दाखला, वाहतूक शाखेचा दाखला, पोलिसांचा दाखला. ज्याची ओळख त्याचं काम एका दुपारी, ज्याची नाही तो 'उद्या या' ऐकत उभा. मग चार वर्षांपूर्वी हे एक खिडकीचं पोर्टल आलं आणि कार्यालयात सगळ्यांनी नाकं मुरडली तेव्हा हिला एकटीला बरं वाटलं. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, यात कोणाची ओळख लागत नाही, कोणाचं तोंड बघत नाही हे. महेंद्रला तर तिने शेजारी खुर्ची देऊन अर्ज भरायला शिकवलं होतं. रिक्षा चालवणारा माणूस तो, मोबाइलवर आलेला परवाना बघून म्हणाला होता, "मॅडम, पहिल्यांदा असं झालं की सही मागायला कोणाच्या दारात उभं नाय राहिलो." ते वाक्य तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं.

आणि आज दोन हिरव्या खुणा बघताक्षणी तिला कळलं होतं की चूक कॉम्प्युटरची नाही, कोणाच्या भाऊबंदाचीही नाही. यादीतला क्रमांक अडतीस आणि क्रमांक एकोणचाळीस. दोन्ही तिने स्वतःच्या हाताने टाइप केले होते.

झालं होतं असं. पोर्टल सुरू व्हायच्या आधी प्रभागातल्या मैदानांची यादी करायचं काम तिच्याकडे आलं. सरकारी नकाशात त्या मोकळ्या जागेला नावच नव्हतं. सर्व्हे नंबर एक्केचाळीस बटा दोन, एवढंच. मंदिराकडचे तिला मारुती मैदान म्हणत, पंचशील नगरचे पंचशील मैदान. त्याच्याही दोन वर्षं आधी कोणीतरी तिथे एका नावाचा फलक लावला, तर दुसऱ्या दिवशी त्याला डांबर. मग दुसऱ्या नावाचा लावला, त्यालाही डांबर. संचिताने विचार केला, एक नाव लिहिलं की दुसरा दुखावणार. नावाला जागा ती केवढी लागते? तिने एकाखाली एक दोन्ही नावं लिहिली. ताटात दोन्ही पोरांना सारख्या वाट्या वाढल्याचं समाधान तिला त्या दिवशी झालं होतं.

कॉम्प्युटरला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याने दोन मैदानं धरली. तीन वर्षं खपून गेलं, कारण सप्ताह तिथीवर आणि जयंती तारखेवर. दोघांची गाठच पडली नाही. यंदा हनुमान जयंती सोळा एप्रिलला आली, सप्ताह दहाला बसणार, आणि पाचव्या दिवशी बरोबर चौदा तारीख.

इन्स्पेक्टरसाहेबांनी बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी चारवर टाकली. उद्या महापालिकेने लेखी काय ते सांगावं, म्हणाले, नाहीतर दोन्ही कार्यक्रम बंद. ते बंदचं ऐकून दोन्ही बाजू एकदमच उठल्या, आणि जिन्यात खांद्याला खांदा लागून दोघांत जुंपता जुंपता राहिली.

कार्यालयात परतल्यावर संचिताने विभागप्रमुख सर्वेश देसाईंना सगळं सांगितलं. देसाई माणूस वाईट नव्हता. तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण तिला संचिताताईच म्हणायचा. त्याने ऐकून घेतलं, उठून केबिनचं दार लोटलं आणि खुर्ची पुढे ओढली. पत्र सोपं आहे, म्हणाला. तांत्रिक बिघाडामुळे दुसरा परवाना चुकून निघाला, सबब पहिला कायम, दुसरा रद्द.

"पण बिघाड नाहीये ना साहेब. मी टाकलंय ते."

"सर्व्हरवर ढकला, ताई. सर्व्हरला ना बढती, ना पोरंबाळं."

बढतीचं त्याने उगाच काढलं नव्हतं. वरिष्ठ लिपिकपदासाठीची तिची फाइल मुख्यालयात सहीला होती. यापूर्वी दोनदा तिचं नाव यादीच्या तोंडाशी येऊन मागे पडलं होतं, एकदा आरक्षणाच्या बिंदुनामावलीने आणि एकदा कोर्टाच्या स्थगितीने. तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं होतं. अशा वेळी चुकीची लेखी कबुली म्हणजे कारणे दाखवा नोटीस, आणि नोटीस चालू असलेल्या माणसाची फाइल पुढे सरकत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? असल्या नोटिसा तिनेच टाइप केल्या होत्या.

ती टेबलाशी येऊन पत्र लिहायला बसली. 'तांत्रिक' एवढा शब्द टाइप केला तर कॉम्प्युटरने 'बिघाडामुळे' आपणहून पुढे केला. किती जणांनी किती वेळा लिहिलं असेल ते, तिच्या मनात आलं. पण पुढे हात चालेना. रद्द होणार होता तो महेंद्रचा परवाना. आणि लाभ होणार होता तो मंदिराला, जिथे ती पहिल्या रांगेत बसते. हे कारण खरं असतं तरी कोणी खरं मानलं नसतं. आणि हे तर खरं नव्हतंच.

संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना तिला दोन वर्षांपूर्वीच्या सप्ताहातलं एक कीर्तन आठवलं. ऐन रंगात आलेलं. बुवांनी चाल उचलली आणि पखवाजाची एक मात्रा घसरली. घसरली ती एकाची. पण मागे चाळीस टाळकरी उभे होते, त्यांना कळेना की चुकतंय कोण. जो तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघू लागला. ज्याचा टाळ बरोबर पडत होता तोही बिचकून हात आखडू लागला, आणि बघता बघता सगळं कीर्तन विसविशीत झालं. तेवढ्यात पखवाजवाल्याने दोन्ही हात वर घेतले, भर सभेत स्वतःचे कान धरले आणि म्हणाला, माझी चुकली, माउली. बुवा हसले, सभा हसली, आणि पुढच्या फेरीला चाळीस टाळ असे पडले की जणू एकच माणूस वाजवतोय. संचिता त्या दिवशी डोळे पुसत घरी आली होती. चुकलं त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. सगळ्यांचे हात मोकळे झाले, त्याचं वाटलं होतं.

दत्तारामला तिने सगळं सांगितलं. तो जेवता जेवता ऐकत होता. बढती गेली तर काय, हे त्याने विचारलं नाही. भात कालवत म्हणाला, "आमच्याकडे गाडी सोडताना ब्रेकच्या शीटवर मेकॅनिकची सही असते. डेपोची नाय घेत." आणि ताक वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हॉल आदल्या दिवसापेक्षा भरलेला होता. मंदिराकडून विणेकरी धोंडीबा आले होते, साताऱ्याकडचे, शेवाळपाड्यात येऊन चाळीस वर्षं झालेले. त्यांच्या समोर, पहिल्या खुर्चीवर महेंद्रची आई शांताबाई, पांढऱ्या साडीत ताठ बसलेली. इन्स्पेक्टरसाहेबांनी महापालिकेचं पत्र मागितलं. देसाईने संचिताकडे पाहिलं. ती उभी राहिली.

तिने पत्र वाचलं नाही. आधी सरळ सांगितलं की पोर्टल बिघडलेलं नाही, कोणी आतून काही केलेलं नाही, मैदान एक आहे आणि त्याची दोन नावं यादीत तिनेच लिहिली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्हा दोघांचे अर्ज बरोबर होते. दोघांनीही काही लबाडी केलेली नाही."

देसाई आपल्या पेनाचं टोपण काढत घालत बसला.

शांताबाईंनी चष्मा वर केला. "हे तू आपल्या मनानं लिवलंस? कुणी सांगितलं न्हाई?"

"माझ्याच मनाने, मावशी. एक नाव ठेवलं तर दुसऱ्याला लागेल, म्हणून दोन्ही ठेवली. म्हटलं, राहू देत दोन्ही."

"ऱ्हायली की, पोरी. नावं दोन्ही ऱ्हायली. मैदानच कमी पडलं."

या वेळी हसू दोन्हीकडून आलं. महेंद्रने मात्र हसू आवरून विचारलं की हे मॅडम लेखी देतील का. संचिताने फाइलमधून सही केलेले दोन कागद काढले, एक त्याला दिला, एक संदेशला. महेंद्रने तो कागद दोनदा वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला, आणि त्या ठिपक्याठिपक्यांच्या परवान्याचा कागद टेबलावरच राहू दिला.

संदेशचं अजून अकरा मिनिटांवर अडलं होतं. काही झालं तरी आमचा नंबर पहिला, असं तो म्हणू लागला, तशी धोंडीबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गप रं. पैला नंबर कवा म्हनायचा, जवा रांग एक आसंल. हितं रांगाच दोन हुत्या."

मग खरं बोलणं सुरू झालं. गेल्या चार दिवसांत सगळे एकमेकांविषयी बोलले होते, एकमेकांशी कोणी बोललं नव्हतं. महेंद्र म्हणाला, मंडप एक दिवसापुरता रिकामा करून द्या, पंधराला परत घ्या, एवढं काय कठीण आहे? धोंडीबांनी सांगितलं की सप्ताह बसला की वीणा सात दिवस, सात रात्री खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहाऱ्यामागून पहारा. मधे खाली ठेवली तर सप्ताह मोडला. महेंद्रला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, हा नुसता हट्ट.

धोंडीबांनीही मग विचारून घेतलं की जयंतीची वंदना शेजारच्या शाळेच्या पटांगणात का चालत नाही. उत्तर शांताबाईंनी दिलं. मैदानाच्या मध्यभागी झेंड्याचा खांब आहे, त्याचा सिमेंटचा ओटा त्यांच्या मालकांनी, दगडूने, कंपनीतून सुटून आल्यावर चार संध्याकाळी खपून बांधला होता. एकतीस वर्षं चौदा एप्रिलची सकाळची वंदना त्याच्या पायाशी होते. "खांब काय खांद्यावर घिऊन जाऊ पटांगनात?"

म्हणजे एका बाजूला न टेकणारी वीणा आणि दुसऱ्या बाजूला न हलणारा खांब. इन्स्पेक्टरसाहेबांनी घड्याळ बघितलं.

शांताबाई बराच वेळ धोंडीबांकडे बघत होत्या. "बुवा, एक इचारू? वीना खाली ठिवायची न्हाई म्हनता. पन गळ्यात घिऊन चालता येतं का?"

धोंडीबांनी हातातली टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"येतं की," ते म्हणाले. "नगरप्रदक्षिणेला चालतोच आमी."

"मग तेराच्या सांजंला चालत मंदिरात न्या. पंधराच्या सकाळी चालत आना. टेकवू नका."

एवढं सोपं होतं ते. आणि इतकं सोपं असूनही दहा वाजून चार मिनिटं आणि सव्वादहा यांच्या मधल्या अकरा मिनिटांत ते कोणत्याही कॉम्प्युटरला सापडलं नसतं. मंदिराच्या सभामंडपात चौदाचं कीर्तन दाटीवाटीने का होईना मावणार होतं. मांडव उभाच राहील, उन्हाचा उपयोगी पडेल, हे धोंडीबांनीच सांगितलं. कापड पांढरं आहे, कोणाला काही म्हणायला जागा नाही. महेंद्रने बदल्यात तेरा आणि पंधरा तारखेला वीणा रस्ता ओलांडताना रिक्षा थांबवायची हमी घेतली. रिक्षावाल्यांची हमी, असं कोणीतरी मागून पुटपुटलं, तर महेंद्र म्हणाला, "मीटरने थांबवू."

संचिताने लॅपटॉप उघडला. इन्स्पेक्टरसाहेबांच्या परवानगीने पडदा भिंतीवर दाखवला आणि सगळ्यांच्या देखत, देसाईच्या लॉगिनने, जुने दोन्ही परवाने मागे घेतले. अडतीस आणि एकोणचाळीस पुसले. त्या जागी लिहिलं : सर्व्हे नंबर एक्केचाळीस बटा दोन. पुढे कंसात नावं. आता कंसात आधी कोणाचं?

हॉलमधली पन्नास माणसं एकदम पुढे झुकली. संचिता म्हणाली, बाराखडीच्या क्रमाने. प आधी, म नंतर. पंचशील, मारुती.

संदेश उसळला. "बघा, म्हणजे शेवटी त्यांचंच आधी."

"आरं, बाराखडी काय त्यांच्या समितीत हाय का?" धोंडीबा म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

नवे परवाने तारखांसकट छापून निघाले. इन्स्पेक्टरसाहेबांनी सवयीने मोबाइल काढला, तर शांताबाई म्हणाल्या, राहू द्या साहेब, आमच्या डोळ्यांदेखत लिवलंय तिनं.

तेरा तारखेच्या संध्याकाळी उन्हं कलताना वीणा धोंडीबांच्या गळ्यात मैदानातून निघाली. मैदान ते मंदिर, मोजून दीडशे पावलं. नाक्यावर महेंद्र आणि त्याचे सहा रिक्षावाले हात आडवे करून उभे होते. टँकरवाला हॉर्न द्यायला लागला तेव्हा महेंद्रने त्याला खाली उतरवून सांगितलं, दीडशे पावलं आहेत, मोज. धोंडीबांनी तार छेडत रस्ता ओलांडला. त्यांनी महेंद्रकडे बघून मान लववली की पाऊल बघायला मान खाली घातली, ते मागे टाळ धरून चाललेल्या संचिताला नीट दिसलं नाही. पण महेंद्रचे दोन्ही हात जोडले गेलेले तिने पाहिले. चौदा तारखेला सकाळी वंदनेचा आवाज मंदिरापर्यंत ऐकू आला आणि पंधराला वीणा आली तशी परत गेली.

नोटीस एकवीस तारखेला आली. कर्तव्यात निष्काळजीपणा. तिने दोन ओळींचं उत्तर दिलं, नोंद मीच केली होती आणि ती दुरुस्त केली आहे. सेवापुस्तकात 'समज देण्यात आली' एवढा शेरा पडला. देसाईने आपल्या परीने वर फोन करून पाहिले.

आता खिडकी क्रमांक तीनवर एक नवंच सुरू झालं. माणसं परवाना मोबाइलवर घेऊनच यायची, आणि काही काम नसताना तो काचेला लावून विचारायची, ताई, हे बरोबर आहे ना? ती वाचायची आणि हो म्हणायची. पंचशील नगरचे यायचे, मंदिराकडचे यायचे, पार दिव्याहून भाड्याने राहायला आलेली नवी कुटुंबंही यायची. देसाई एकदा वैतागून म्हणाला, कोणाला खिडकीवर यावं लागू नये म्हणून कोटीभर खर्चून हे पोर्टल केलं, आणि तुमच्या खिडकीची रांग वाढतेच आहे.

"पूर्वी काम व्हावं म्हणून यायचे, साहेब," ती म्हणाली. "आता झालेलं दाखवायला येतात."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बढतीची यादी आली. सूचनाफलकावर कागद लावायचं काम परवानगी टेबलाकडेच होतं. संचिताने लिफाफा उघडला, अकरा नावं वाचली. चौथं नाव नीरजाचं होतं. सहा वर्षांपूर्वी तिला आवक-जावक रजिस्टर कसं भरायचं ते संचितानेच शिकवलं होतं. नीरजा पाण्याच्या कूलरपाशी उभी होती, पेला भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"अगं, पाणी बघ," संचिता म्हणाली. "आणि पेढे कंदी आण हं, ते मलईचे नकोत."

तिने फलकाची काच सरकवली, जुन्या निविदांचे कागद काढले आणि चार टाचण्यांनी यादी लावली. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. कागद डावीकडे किंचित उतरला होता. तिने खालच्या दोन टाचण्या काढल्या, कागद तळव्याने सरळ केला, पुन्हा टोचल्या आणि काच लावली. मग खिडकी क्रमांक तीन उघडायला गेली. बाहेर सात जण उभे होते.